पातेरा कुजायचा थांबतो तेव्हा

गुहागर किंवा काशीदच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा येणारा पाहुणा सुरूचे बन पाहून हमखास विचारतो, की ही पाइनची झाडे आहेत का. नाहीत. सुरूची ‘सुई’ हातात घेऊन हलके ओढली, तर ती बांबूच्या पेरासारखी सांध्यावर निसटते आणि त्या सांध्याभोवती सहा-आठ बारीक दाते दिसतात. ते दाते म्हणजे सुरूची खरी पाने, आणि आपण जिला सुई म्हणतो ती त्याची हिरवी डहाळी. पाइनची सुई मात्र खरोखरच पान असते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन झाडे एकमेकांपासून फार दूरची आहेत. पण त्यांच्या खालची जमीन पाहिली, की पाहुण्याचा घोटाळा अगदीच वावगा वाटत नाही. दोन्हीकडे तपकिरी सुयांची गादी, म्हणजे पातेरा, साचलेली असते, ती लवकर कुजत नाही आणि तिच्यावर चालताना पावलांचा आवाज येत नाही.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका बनातून मूठभर पातेरा, खालच्या काळपट ओलसर थरासकट, घरी आणला. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा ठेवला, त्यात मच्छरदाणीचा तुकडा बसवून वर पातेरा पसरला, खाली वाटीत ओला काळा कागद घातला आणि वर चाळीस वॉटचा दिवा लटकवला. शेजारचे अण्णा पडवीतून हे पाहत होते. ते म्हणाले, “अरे, पातेऱ्याला ऊब कसली देतोस? अंडी उबवतोयस काय?” युक्ती जुनी आहे. इटलीच्या अंतोनिओ बर्लेसे यांनी १९०५ मध्ये असे नरसाळे वापरले आणि पुढे स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांनी त्याला विजेचा दिवा जोडला. वरून उजेड आणि कोरडेपणा वाढत गेला, की पातेऱ्यात राहणारे जीव अंधाराकडे आणि ओलीकडे, म्हणजे खाली सरकतात आणि शेवटी नरसाळ्यातून पडतात. सकाळी काळ्या कागदावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते. भिंग लावल्यावर ठिपक्यांना पाय फुटले. एकाला काडीने शिवलो तर तो कागदावरून नाहीसाच झाला आणि वाटीच्या काठावर सापडला. अण्णांनी मग स्वतःहून भिंग मागून घेतले.

उडी मारणारा तो स्प्रिंगटेल. त्याच्या पोटाखाली दुमडलेला एक दुभंगलेला चिमटा असतो; धोका वाटला, की तो चिमटा जमिनीवर आपटून प्राणी हवेत फेकला जातो. बाकीचे बहुतेक ठिपके माइट होते. नारळाच्या फळावर तपकिरी चट्टे पाडणारा जो ‘कोळी’ बागायतदारांना छळतो, त्याचे हे दूरचे भाऊबंद, पण स्वभावाने निराळे. झाडाला धक्का न लावता मेलेल्या पानांवर आणि बुरशीवर जगणारे. युरोपातील पाइनच्या जंगलात एका चौरस मीटर जमिनीतील माइट लाखांच्या घरात आणि स्प्रिंगटेल हजारोंनी भरतात. त्यांच्याखेरीज सूत्रकृमी असतात आणि दोऱ्याच्या तुकड्यासारखी पांढरी, सेंटिमीटरभर लांबीची एन्कीट्रिड गांडुळे असतात. उत्तर युरोपातील आम्लधर्मी सूचिपर्णी जंगलांत मोठे गांडूळ फारसे टिकत नाही, त्यामुळे तेथे या चिमुकल्या गांडुळांनाच मोठ्या गांडुळांचे काम करावे लागते. त्यांच्यातील सर्वांत महत्त्वाची जात, कॉग्नेटिया स्फॅग्नेटोरम, आपल्या शरीराचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याला नवे डोके-शेपूट फुटून त्याचे वेगळे गांडूळ होते. तिचे पुनरुत्पादन मुख्यतः असेच चालते.

हे सगळे प्राणी नेमके करतात काय? पाइनच्या सुईत राळ आणि लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य, भरपूर, पोषण थोडे, त्यामुळे ती गोठ्यातल्या गवतासारखी सहज कुजत नाही. तिला खरे कुजवतात ते बुरशी आणि जिवाणू, पण त्यांना वाट करून देतात ते प्राणी. काही जातींचे माइट तर सुईच्या आतच बोगदा खणून राहतात. बाहेरून सुई शाबूत दिसते आणि चिमटीत दाबली, की भुगा होते, कारण आत त्यांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांखेरीज काही उरलेले नसते. स्प्रिंगटेल बुरशीचे धागे चरतात, आणि चरल्यावर गवत जसे पुन्हा फुटते तशी मर्यादेत चरलेली बुरशीही नव्या जोमाने वाढते. थोडक्यात, सुईत अडकलेले नत्र आणि कॅल्शियम झाडाच्या मुळांपर्यंत परत पोचवणारी ही साखळी आहे. ती मंदावली, की पातेरा साचू लागतो. हवेतील प्रदूषण जमिनीत उतरले आहे की नाही, हे ओळखण्याची सर्वांत साधी खूण तीच आहे. प्राणी मोजण्याआधी पातेऱ्याची जाडी मोजावी.

आता हवेतील प्रदूषण झाडाखाली पोचते कसे, ते पाहू. समुद्राकडून येणारा खारा वारा अडवण्यासाठी आपल्याकडे किनाऱ्यावर सुरू लावतात, याचे कारण त्याची दाट, बारीक डहाळी वाऱ्यातील मिठाचे थेंब गाळून घेते. पाइनही तेच करतो, फक्त तेथे मिठाच्या जागी कारखान्याच्या धुराड्यातून आलेला सल्फर डायऑक्साइड, वाहनांतून आलेली नत्राची ऑक्साइडे, गोठ्यांतून आलेला अमोनिया आणि धातूंची धूळ असते. सुया बारीक, असंख्य आणि बहुतेक जातींत वर्षभर झाडावर टिकणाऱ्या; म्हणून पानगळीच्या जंगलापेक्षा किंवा मोकळ्या कुरणापेक्षा सूचिपर्णी जंगल हवेतून जास्त प्रदूषण विंचरून काढते. पुढचा पाऊस ते धुऊन खाली नेतो. त्यामुळे झाडाखाली ठिबकणारे पाणी मोकळ्यावर पडणाऱ्या पावसापेक्षा अधिक दूषित असते आणि त्याचा पहिला मारा पातेऱ्याच्या थरावर, म्हणजे या प्राण्यांच्या घरावरच होतो.

आम्ल पावसाची ओळख तशी जुनी आहे. मँचेस्टरच्या पावसातील आम्ल रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच नोंदले होते. पण आपल्या देशावर पडणारे आम्ल शेजारच्या देशांतील धुराड्यांतून येते, हे स्वीडनच्या स्वांते ओदेन यांनी १९६७ मध्ये लोकांपुढे मांडल्यावर त्याची खरी खळबळ उडाली. सामू (pH) म्हणजे आम्लता मोजण्याचा अंक आणि ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क, हे माती परीक्षण करून घेणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की सामू एका अंकाने उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढली. स्वच्छ हवेतील पावसाचा सामूही ७ नसतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो ५.६ च्या आसपास असतो. १९७० च्या दशकात दक्षिण स्कँडिनेव्हियात तो ४.३ च्या जवळ आला होता.

नॉर्वेने १९७२ मध्ये जंगल आणि मासे यांवर आम्ल पावसाचा काय परिणाम होतो, हे शोधण्यासाठी मोठा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. त्यात झालेल्या प्रयोगांत जंगलातील छोट्या वाफ्यांवर सौम्य सल्फ्युरिक आम्ल मिसळलेले पाणी झारीने शिंपडल्यासारखे नियमित घालत, काही वाफ्यांना सामू २ इतके तीव्र. अपेक्षा अशी, की प्राणी मरतील. सिगमुंड होग्वार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माती नरसाळ्यात घालून मोजणी केली, तेव्हा काही जाती खरोखरच घटल्या होत्या; पण माइटच्या आणि स्प्रिंगटेलच्या काही जाती आम्ल वाफ्यांत चक्क वाढल्या होत्या. एकूण आकड्यावरून प्रदूषणाने मातीचे भले केले, असा निष्कर्ष काढणे कोणालाही सोपे गेले असते.

होग्वारांनी पुढे केलेला प्रयोग मला या साऱ्या विषयातील सर्वांत हुशार प्रयोग वाटतो. आम्ल मातीत वाढणाऱ्या जाती त्यांनी एकेकट्या, दुसऱ्या कोणाच्या स्पर्धेविना वाढवून पाहिल्या. एकट्या असताना त्यांना आम्ल मातीत राहण्याचा काहीही फायदा होत नव्हता. म्हणजे त्यांना आम्ल आवडत नव्हते. आम्लाने त्यांचे शेजारी हटवले होते किंवा दुबळे केले होते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत व अन्नावर यांनी हातपाय पसरले होते. गावातील निम्मी घरे बंद पडली, तर उरलेल्यांच्या अंगणात गर्दी दिसू शकते, तसेच हे. म्हणून मातीतील प्राण्यांची एकूण संख्या ही फसवी गोष्ट आहे. कोण राहिले आणि कोण गेले, हे पाहिल्याशिवाय संख्येला अर्थ नाही.

आम्ल प्राण्याला दोन वाटांनी गाठते. गांडुळाला फुप्फुसे नसतात, ते ओल्या त्वचेतून श्वास घेते, त्यामुळे भोवतालच्या पाण्यात जे मिसळले ते थेट त्याच्या अंगाला भिडते. कवचधारी माइटला तेवढी झळ बसत नाही. दुसरी वाट आडवळणाची आहे. सामू घसरला, की मातीला चिकटलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटून पाण्याबरोबर खोल निघून जातात आणि खनिजांत बंद असलेले ॲल्युमिनियम विरघळून मोकळे होते, जे मुळांना आणि प्राण्यांना विषारी असते. कॅल्शियम गेल्याचा फटका सर्वांत आधी शंखवाल्या गोगलगायींना बसतो. त्याची साखळी कुठवर जाते, हे नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात दिसले. तेथील निकस, रेताड जमिनीवरच्या जंगलांत ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याची अंडी पातळ, सच्छिद्र कवचाची निघू लागली आणि घरट्यातच सुकू लागली. याप ग्राव्हलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये कारण दाखवून दिले: पक्ष्याची मादी अंड्याच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम गोगलगायींच्या शंखांतून मिळवते आणि आम्ल झालेल्या जमिनीवर गोगलगायीच उरल्या नव्हत्या. माद्यांना शंखांचे आणि कोंबडीच्या अंड्याच्या टरफलांचे तुकडे खायला ठेवले, तेव्हा अंडी पुन्हा धड निघाली.

आम्लाचा मारा कमी झाला, तर माती हळूहळू सावरू शकते. धातूंचे तसे नाही. तांबे, जस्त, निकेल, शिसे, कॅडमियम यांची धूळ पातेऱ्यावर पडली, की तेथील काळा सेंद्रिय थर ती घट्ट पकडून ठेवतो. एरवी जमिनीला उपकारक असलेला त्या थराचा हा गुण येथे उलटतो, कारण धातू कुजत नाही आणि पावसाने सहज वाहूनही जात नाही. स्वीडनमधील गुसुम या गावी १६६१ पासून पितळेचा कारखाना होता. त्याच्या भोवतालच्या सूचिपर्णी जंगलात तांबे आणि जस्त इतके साठले, की कारखान्याकडे जाताना गांडुळे विरळ होत जातात आणि पातेरा कुजण्याचा वेग मंदावतो. फिनलंडमध्ये हार्यावल्टा येथे १९४५ पासून तांब्याची भट्टी चालू आहे. भोवती पाइनचे जंगल आहे, आणि भट्टीच्या अगदी जवळच्या जमिनीतून ती तुकडे पाडून वाढणारी कॉग्नेटिया जवळपास नाहीशी झालेली आढळली. उत्तरेकडच्या जंगलात जिच्या खांद्यावर सर्वाधिक काम आहे, नेमकी तीच जात गेली.

स्प्रिंगटेल मात्र चिवट, आणि त्यांची युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. बहुतेक किडे प्रौढ झाल्यावर कात टाकत नाहीत. स्प्रिंगटेल आयुष्यभर टाकत राहतो आणि प्रत्येक वेळी आतड्याच्या आतील अस्तरही बदलतो. अन्नातून आलेला धातू तो त्या अस्तराच्या पेशींत बारीक कणांच्या रूपात कोंडून ठेवतो आणि कातीच्या वेळी अस्तरासकट बाहेर टाकून देतो. घराची भिंत काळी पडली, की गिलावाच उतरवून टाकावा, तसे. ऑर्केसेला सिंक्टा या जातीवर ॲम्स्टरडॅम येथे दीर्घकाळ अभ्यास झाला. जुन्या खाणींच्या परिसरातील तिचे वाण धातू बाहेर टाकण्यात इतर ठिकाणच्या वाणांपेक्षा सरस ठरले आणि ही क्षमता पिलांकडे वारशाने जाते, हेही दिसले. गुसुमच्या मातीतील दोन जातींची तुलना केली, तेव्हा धातूने माखलेली बुरशी चवीवरून ओळखून टाळणारी जात दूषित जमिनीत वरचढ ठरत होती. म्हणजे येथेही तगतो तो सर्वांत बळकट प्राणी असतोच असे नाही. कधी निवडून खाणारा तगतो. या चिवटपणाला किंमत मात्र मोजावी लागते, कारण विष उपसण्यात गेलेली शक्ती वाढीला आणि अंड्यांना कमी पडते.

सगळे प्रदूषण आम्लच असते, हाही एक गैरसमज आहे. पूर्व जर्मनीतील ड्युबेनर हाइडे या पाइनच्या जंगलावर तपकिरी कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांची राख अनेक दशके पडत राहिली. ती राख अल्कधर्मी असल्याने तेथील मातीचा सामू घसरण्याऐवजी वाढला. भाजावळीनंतर राखेने जमीन कशी बदलते, हे कोकणात वेगळे सांगायला नको; येथे फरक एवढाच, की ती राख कोणी हिशेबाने टाकत नव्हते आणि तिच्याबरोबर धातूही येत होते. आम्ल मातीला सरावलेल्या पाइनवासी प्राण्यांना हा बदलही परकाच. म्हणूनच आम्ल पावसावर उपाय म्हणून जर्मनी आणि स्वीडनमध्ये जंगलांवर चुना टाकला गेला, तेव्हा काही प्रयोगांत गांडुळांसारख्या प्राण्यांना तो मानवला, पण आम्ल मातीला सरावलेले माइट आणि कॉग्नेटिया मात्र घटली. शेताला चुना देणे आणि जंगलाला चुना देणे यांत अंतर आहे. शेतात आपल्याला एकच पीक हवे असते.

नत्राची गोष्ट थोडक्यात. गोठ्यांतून उठणारा अमोनिया जंगलावर पडला, की तो फुकटच्या युरियासारखा वागतो. नेदरलँड्समधील पाइन जंगलांत खोडांवर हिरवे शेवाळ चढले, जमिनीवर गवत माजले आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी कमी झाली. बुरशी चरणाऱ्या प्राण्यांचे ताट बदलले, आणि ताट बदलले की पंगतही बदलते. हा प्रश्न तेथे इतका विकोपाला गेला, की २०१९ मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नत्राबाबतची सरकारी परवाना-पद्धतच अवैध ठरवली.

कोकणातील वाचकाला यातले किती लागू पडते? आपल्याकडे पाइनची नैसर्गिक जंगले नाहीत. ती पाहायची तर हिमालयाच्या उतारावरच्या चीडच्या जंगलांत जावे लागते. जांभ्यावरची आपली माती आम्लधर्मी आहे, पण ती धुराड्यांमुळे नव्हे, तर हजारो वर्षांच्या मुसळधार पावसाने तिच्यातील कॅल्शियम धुऊन नेल्यामुळे. तेव्हा सड्यावर सामू कमी आला, म्हणून लगेच प्रदूषणाकडे बोट दाखवू नये. शिवाय भारतात हवेतील चुनखडीयुक्त धूळ पावसातील आम्ल बरेच शमवते आणि पावसाळ्यातील वारा आपल्याकडे समुद्रावरून येतो. उलट बाजूही आहे: ज्या मातीत कॅल्शियमची शिल्लक मुळातच थोडी, तिला बाहेरून येणारे आम्ल सोसण्याची ताकदही थोडीच. कोळशावरची वीजकेंद्रे धरून पाहिले, तर सल्फर डायऑक्साइड सोडण्यात भारत आज जगात आघाडीवर आहे. युरोपाने मात्र हवेच्या प्रदूषणाविषयीच्या १९७९ च्या जिनिव्हा करारापासून पावले उचलत, १९९० नंतर आपले सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन ८० टक्क्यांहून अधिक खाली आणले.

मग तेथील प्राणी परतले का? उरल पर्वतात, रेव्दा शहराजवळ, १९४० पासून तांब्याची भट्टी आहे. भोवतीचे जंगल स्प्रूस आणि फरचे, म्हणजे पाइनच्याच कुळातले. भट्टीजवळ पातेऱ्याचा थर दूरच्या जंगलापेक्षा कितीतरी जाड, कारण त्याला खाणारे नाहीत. काही किलोमीटरच्या परिघात गांडूळ नव्हते, आणि गांडुळांवर जगणारा मोल, म्हणजे जमिनीखाली बोगदे खणणारा चिचुंद्रीसारखा प्राणी, तोही नव्हता. एव्गेनी वोरोबेचिक आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे त्या जंगलात मोलचे बोगदे शोधत फिरत आले आहेत. भट्टीचे उत्सर्जन टप्प्याटप्प्याने घटत २०१० नंतर अगदीच थोडे उरले. धातू मात्र जमिनीतच आहे. मोलच्या वस्तीची सीमा भट्टीच्या दिशेने सरकल्याचे त्यांना आढळले आहे. सरकली आहे ती काहीशे मीटर.